गोडे पाणी

“एवढ्या लांब तुला काय वाळूत बसायला आणलंय का?” हे वाक्य माझ्या तोंडून गेले तेव्हा तारकर्लीच्या किनाऱ्यावर सूर्य मावळायला अर्धा तास उरला असेल. आई सुरूच्या झाडांखालून चालत आली होती. वाळू लागली तशी तिने चपला काढून हातात घेतल्या, पदर डोक्यावर ओढला आणि वाळूचा रंग जिथे ओलाव्याने गडद होतो तिथे ती थांबली. एक लाट फुटली, तिचे पाणी पसरत पसरत आईच्या पायांपासून दोन वितींवर आले आणि मागे फिरले. तिने वाकून त्या ओलीवर बोटे टेकवली, डोळ्यांना लावली, हात जोडले आणि परत येऊन कोरड्या वाळूत, आमच्या पिशव्यांशेजारी, समुद्राला जरा तिरकी अशी बसली. माझी मुलगी आणि नवरा केव्हाच गुडघाभर पाण्यात होते. मी आईचा हात धरून तिला उठवू पाहिले, तिने तो हळूच सोडवून घेतला, आणि मग मी ते बोलले. ती रागावली नाही, तिचा चेहराही बदलला नाही. “बघायलेय की इथूनच,” एवढेच ती म्हणाली आणि मुलीच्या चपलेत शिरलेली वाळू झटकू लागली. त्या चार दिवसांत मी पुष्कळ काही पाहिले, पण घरी परतल्यावर रात्री डोळे मिटले की पहिल्यांदा आठवायचे ते माझे हे वाक्य.

समुद्राला नेईन, असे मी आईला किती वर्षे सांगत होते याचा हिशेब मांडता येत नाही. लातूरच्या आडत बाजारातल्या एका दुकानाचे कॅलेंडर वडील दरवर्षी आणत. मी तिसरीत असताना त्यातल्या एका पानावर समुद्रकिनारा होता. पाण्याकडे झुकलेले दोन माड, एक रिकामी होडी, आणि मागे इतके निळे पाणी की ते मला खरे वाटत नसे. त्या पानाच्या कडेला वडिलांच्या अक्षरात दुधाचे खाडे लिहिलेले होते. वर्ष सरल्यावर आईने ते पान जपून फाडले आणि माझ्या भूगोलाच्या पुस्तकाला त्याचे कव्हर घातले, चित्र बाहेर येईल असे. वर्षभर मी ते पुस्तक दप्तरातून काढताना आधी ते माड पाहत असे आणि मग धडा उघडत असे. त्यातून माझ्या मनाने एक गोष्ट पक्की धरली, की आईला समुद्र पाहायचा आहे. तिने बोलून दाखवले नाही ते तिचा स्वभाव तसा म्हणून, पैसे नाहीत म्हणून, शेत सोडून निघणे होत नाही म्हणून. नोकरी लागली तेव्हा मी मनात ठरवले की पहिल्या वर्षी नेईन. मग लग्न, मुलगी, वडिलांचे आजारपण, वडिलांचे जाणे. पुण्याहून कोकण काही दूर नाही, कार्यालयातली माणसे शनिवार-रविवार जाऊन येतात, पण आईला घेऊन जायचे म्हटले की काहीतरी आडवे येई आणि मला त्याचे अपराधी वाटत राही. अखेर या फेब्रुवारीत मी तिला लातूरहून बोलावूनच घेतले.

कोल्हापूर सोडून राधानगरी, दाजीपूर करत आम्ही फोंडा घाट उतरू लागलो तेव्हा आईने गाडीची काच खाली करायला सांगितली. हवा बदलली होती, तिला वजन आले होते. घाट संपला आणि रस्त्याच्या कडेला जांभ्याची तांबडी माती दिसू लागली. काळ्या मातीत जन्म काढलेल्या माणसाला ती माती विचित्र वाटते, भाजलेल्या विटेसारखी. “हिच्यात काय पिकत असंल?” असे तिने दोनदा विचारले. कणकवली, कसाल, मग मालवणचा रस्ता. घरे दिसत होती ती झाडांच्या आत बुडालेली, प्रत्येकाच्या पुढे सारवलेले खळे, तुळस आणि एका बाजूला विहीर. आई विहिरी मोजत होती. प्रत्येक घराला स्वतःची विहीर आहे आणि तिच्यात वाकून पाहिले तर पाणी दिसते, ही गोष्ट तिने एका वाडीजवळ चहाला थांबलो तेव्हा खात्री करून घेतली. चहा तसाच ठेवून ती शेजारच्या विहिरीपाशी गेली, कठड्यावर हात टेकून बराच वेळ आत पाहत राहिली. मला वाटले होते की ती सारखी विचारील, समुद्र कधी येणार. तिने तसे एकदाही विचारले नाही.

आम्ही उतरलो ते एका निवास-न्याहारीच्या घरात. मागच्या पडवीतून पंचवीस पावलांवर वाळू. पडवीच्या पायरीशी एक बादली, एक मग आणि भिंतीवर खडूने लिहिलेली सूचना होती, की पायाची वाळू इथे धुवावी आणि पाणी जपून वापरावे. घरच्या काकूंनी तेच तोंडाने सांगितले. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये ही वाळूची चिंचोळी पट्टी. विहिरीला पाणी वर लागते, पण उपसा वाढला की मे महिन्यात चव बदलते, चहा फाटतो. पर्यटक नळ सोडून दात घासतात, त्यांना काय सांगणार, असे काही त्या म्हणाल्या असाव्यात, माझे लक्ष सामानाकडे होते. आईचे मात्र होते. त्या संध्याकाळी समुद्रावरून परतल्यावर आईने आम्हा तिघांना पायरीवर ओळीने उभे केले, मगही घेतला नाही, आपल्या पिशवीतला तांब्या काढला. एका हाताने पाण्याची बारीक धार सोडायची, दुसऱ्या हाताच्या तळव्याने पोटरीपासून खाली वाळू निपटून आणायची, धार टाचेवर संपवायची. पहिल्याच्या पायावरून ओघळलेले पाणी खालच्या पायरीवर उभ्या असलेल्याच्या पावलांवर पडेल असे तिने आम्हाला उभे केले होते. तिघांचे सहा पाय दीड तांब्यात स्वच्छ झाले. काकू दारात उभ्या राहून पाहत होत्या. “आजी, तुमका पाणी कमी लागता,” असे त्या म्हणाल्या आणि त्यात कौतुक होते. आईने मान हलवली.

कमी लागते, ही शिकलेली गोष्ट आहे.

2016 च्या उन्हाळ्यात आई आणि वडील लातूर शहरात भाड्याच्या घरात राहत होते. शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. एप्रिलच्या 12 तारखेला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, 5 लाख लिटर, कृष्णेचे पाणी. पुढे ती पन्नास वाघिणींची झाली. मी पुण्यात बसून ती बातमी टीव्हीवर पाहिली आणि रडले, आणि रडून झाल्यावर उठून बेसिनवर तोंड धुतले, नळ पूर्ण सोडून. हे मी आईला कधी सांगितलेले नाही. मेमध्ये मी गेले तेव्हा गल्लीत टँकर आठ दिवसांनी येत होता. घरातल्या प्रत्येक भांड्याला काम नेमून दिलेले होते. तांदूळ धुतलेले पाणी भाजी धुवायला, ते पाणी भांड्यांना पहिला हात द्यायला, ते गाळून फरशी पुसायला आणि शेवटचे, गढूळ झालेले, तुळशीला. आंघोळ परातीत बसून, म्हणजे परातीतले पाणी कपड्यांना मिळते. रात्री दोन वाजता टँकरचा भोंगा ऐकून आई अंथरुणातून उठून अंधारातच नेमक्या घागरीला हात घालायची. गावाकडच्या शेतात आम्ही 600 फुटांपर्यंत बोअर घेऊन पाहिले होते, त्यातून नुसता फुफाटा वर आला. त्या मशीनचा आवाज थांबला तेव्हा वडील बांधावर खाली बसले, ते मला दिसते. असे माणूस पन्नास-साठ वर्षे पाण्याशी वागलेले असते आणि आपण त्याला एके दिवशी गाडीत घालून अफाट पाण्यासमोर उभे करतो आणि सांगतो की आता यात खेळ.

दुसऱ्या दिवशी आम्ही सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटली तेव्हा आई मधल्या फळीवर, दोन्ही हातांनी काठ धरून, डोळे पायांपाशी ठेवून बसली होती. होडी चालवणारा मनुष्य पन्नाशीचा होता. परत यायला किती वाजेपर्यंत होडी मिळेल, असे माझ्या नवऱ्याने विचारले तर तो म्हणाला की पाण्यावर आहे, आणि मग त्याने सहज विचारले, आज तिथी कोणती? आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. आईने मान वर केली. “नवमी.” तो हसला. तिथीची पाऊणपट करा आजी, नवाची पाऊणपट पावणेसात, पावणेसातला भरती पुरी होणार, सकाळी आणि संध्याकाळी, थोडे मागेपुढे. मग सहा तास ओहोटी. रोज पाऊण तासाने वेळ पुढे जाते. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती आणि अष्टमी-नवमीला भांगाची, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. आईने काठ धरलेला एक हात सोडला आणि बोटांच्या पेरांवर मोजू लागली. काल अष्टमी, म्हणजे सहाला. काल संध्याकाळी आपण गेलो तेव्हा पाणी भरायलाच आले होते, हो ना? उद्या दशमी, साडेसात. परवा एकादशी, सव्वाआठ. तिला उभ्या आयुष्यात तिथी कधी कॅलेंडरात पाहावी लागलेली नाही. चतुर्थी, एकादशी, प्रदोष या उपासांच्या खुंट्यांवर तिचा महिना टांगलेला असतो. ज्या समुद्राला तिने अठरा तासांपूर्वी पहिल्यांदा पाहिले होते, त्याचे वेळापत्रक तिला चौथी-पाचवीपासून पाठ होते, फक्त ते त्याचे आहे हे ठाऊक नव्हते.

किल्ल्याबद्दल मी वाचून गेले होते. कुरटे बेटावर 1664 साली महाराजांनी काम सुरू केले, तीन वर्षांत ते पुरे झाले, पायाभरणीत शिसे ओतले. किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्याचे पूजन आधी झाले. चुन्यात उमटलेले हात आणि पाऊल पाहताना मुलीने आपला पंजा हवेत धरून माप घेतले, शिवराजेश्वराच्या देवळात आई डोके टेकून उठलीच नाही असे वाटावे इतका वेळ तशीच राहिली. पण किल्ल्यातले जे तिने सोबत आणले ते या कशाहून वेगळे. तटाच्या आत, चारी बाजूंनी खारे पाणी आदळत असताना, तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव, आणि तिन्हींचे पाणी गोडे आहे. आईला हे आधी पटेना. तिथल्याच एका बाईने कळशीतले पाणी तिच्या ओंजळीत घातले. आईने ते जिभेवर टेकवले, थांबली, मग प्यायली, आणि ओंजळीत उरलेले चार थेंब मुलीच्या टाळूवर चोळले. हे कसे होते ते मी तिला जमेल तसे समजावून सांगितले, की पावसाचे पाणी मुरते आणि ते खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने जमिनीच्या पोटात त्याच्यावर तरंगत राहते, सायीसारखे. हळूच काढले तर साय हाती येते, घाई केली तर खालचे खारे वर येते. त्या काकूंच्या विहिरीचे मे महिन्यात तेच होते. “म्हणजे हितंबी जपूनच,” आई म्हणाली. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आमच्याकडे सातशे-आठशे, हे तिला सांगून काय उपयोग होता? तिला जे पाहिजे होते ते तिला सापडले होते. सबंध मोठ्या समुद्रात तिचे लक्ष त्या तीन विहिरींवर बसले, आणि परतताना होडीत ती काठ न धरता बसली.

त्या रात्री जेवणात काळ्या वाटाण्याची उसळ, भात आणि सोलकढी होती. आई माळकरी. काकूंनी तिच्यासाठी वेगळ्या चुलीवर वेगळ्या भांड्यांत केले होते आणि ते सांगण्याऐवजी भांडी दाखवली होती, हे मला फार आवडले. जेवण झाल्यावर आम्ही दोघी पडवीत बसलो. लाटांचा आवाज अंधारात जवळ वाटतो. मी तिला कॅलेंडरच्या त्या पानाची आठवण करून दिली. तिला ते आठवत नव्हते. मी माड सांगितले, होडी सांगितली, दुधाचे खाडे सांगितले, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आले. “हां, ते पान जाड होतं, गुळगुळीत. पुस्तकाला टिकंल म्हणून घातलं.” मी विचारले, आणि चित्र? चित्र बाहेरून का ठेवलेस? तिने माझ्याकडे पाहिले. “दुसऱ्या बाजूला बापाचे हिशेब होते. पोरं हसली असती तुला.”

मी बराच वेळ काहीच बोलू शकले नाही. तीस वर्षे मी आईच्या नावावर जे स्वप्न सांभाळले ते माझे होते. ते पान मी पाहत होते, ती नाही. तिने त्या पानाचा विचार केला होता तो माझ्यासाठी, चित्राशी तिचे देणेघेणेच नव्हते. समुद्रकाठी तिने हात जोडले, बोटे डोळ्यांना लावली, एवढे तिच्या बाजूने पुरेसे होते, आणि मी तिच्याकडून माझा आनंद वसूल करू पाहत होते. हे समजल्याने बरे वाटले, असे म्हणता येत नाही. उलट वाईट वाटले, की मग तिचे स्वतःचे काय होते? तिला कुठे जायचे होते? मी विचारले तर म्हणाली, पंढरपूर झालं, आळंदी झाली, आता काय. मला ते उत्तर पटले नाही, आजही पटत नाही, पण त्याच्या पलीकडे ती गेली नाही.

एकादशीला, निघायच्या दिवशी, उजाडताना मला जाग आली तर आईचे अंथरूण घडी घातलेले होते. पडवीतून मी वाळूवर आले. डावीकडे पुष्कळ माणसे दिसली. रापण लागली होती. रात्री किंवा पहाटे होडीतून समुद्रात अर्धवर्तुळ घेऊन जाळे टाकतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात, मग दोन रांगा ते दोर ओढत राहतात, तास-दोन तास. ओढणारा मागे मागे सरकत वाळूच्या चढापर्यंत येतो. तिथे तो दोर सोडतो, चालत पुन्हा पाण्यापाशी जातो आणि समुद्रातून वर येणारा दोर नव्याने धरतो. अशी ती रांग फिरत राहते, रहाटासारखी. पुरुष होते, बायका होत्या, दोन-तीन पर्यटक होते, आणि अलीकडच्या रांगेत, पदर कमरेला खोचलेली, माझी आई होती.

तिला कोणी बोलावले होते का, मला माहीत नाही. मी जवळ गेले नाही. आमच्या गावचा आड नऊ परस खोल होता, आणि लग्न होऊन आल्यापासून नळ येईपर्यंत आईने तो रोज शेंदला. शेंदताना दोर मनगटाने ओढायचा नसतो, खांदा मागे न्यायचा असतो. एक हात दोर घेतो तेव्हा दुसरा पुढे जाऊन तयार असतो, मध्ये क्षणभरही दोर ढिला पडत नाही, कारण ढिला पडला की पोहरा भिंतीवर आपटतो आणि अर्धे पाणी सांडते. तिचे हात तेच करत होते. पर्यटक झटके देत होते, दमत होते. ती लयीत मागे येत होती, चढावर दोर सोडत होती, खाली जात होती. आणि दोर धरायला जायचे ते पाण्यातच जायचे असते. पहिल्यांदा तिचे घोटे भिजले असतील. मी पाहिले तेव्हा लाट तिच्या गुडघ्यांवर फुटत होती, लुगड्याचा काठ पाण्यावर पसरत होता आणि ती पुढच्या माणसाच्या हातांकडे पाहत होती. मुलगी उठून माझ्या शेजारी आली, फोटो काढू का म्हणाली. मी नको म्हटले.

जाळ्याची झोळी किनाऱ्याला लागली तेव्हा गलका झाला. घारी खाली आल्या. बांगडे, तारल्या, काही कुर्ल्या, वाळूवर तडफडणारी चंदेरी ओल. मासळी फार नव्हती. पर्ससीन, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढून घेणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या नौका आल्यापासून मासा किनाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, ही रापणकरांची जुनी तक्रार आहे, ती तिथेही दोघातिघांच्या तोंडी आली. आईने झोळी उघडताना पाहिली आणि दोर सोडला. गळ्यातली माळ तिने पदराआड सारली आणि ती चार पावले मागे झाली. दोर ओढणाऱ्याला वाटा द्यायचा असतो म्हणून एका बाईने पाच-सहा बांगडे तिच्यापुढे धरले. आईने हात जोडले, नको म्हटले, मग त्या बाईचे मन मोडेल असे वाटून काकूंच्या घराकडे बोट दाखवले, तिकडे द्या. माझ्याजवळ आली तेव्हा तिचा श्वास चढला होता आणि तळव्यांना दोराचे लाल वळ होते. एकादशीला हे हातून झाले याचे तिला लागले होते. हे मला कळत होते आणि काय बोलावे ते कळत नव्हते. “ओढायचं काम होतं,” ती म्हणाली. “माणसं कमी होती.” थोड्या वेळाने, “जड येतो गं समुद्र,” असेही म्हणाली. मग पायरीवर बसून तिने अर्ध्या तांब्यात आपले पाय धुतले.

त्या पहिल्या संध्याकाळच्या वाक्याबद्दल मी तिची क्षमा मागितलेली नाही. फोंडा घाट चढताना दोनदा शब्द ओठांवर आले, पण ती मागच्या सीटवर मुलीला मांडीवर घेऊन झोपली होती.

परवा संकष्टीला रात्री आठ वाजता मी तिला लातूरला फोन केला. चंद्रोदयाला वेळ होता, ती गच्चीवर बसून वाट पाहत होती. नळाला पाचव्या दिवशी पाणी आले, म्हणाली, टाकी भरून घेतली. गुडघ्याचे, शेजारणीच्या सुनेचे, तुरीच्या भावाचे असे बोलणे झाले. मग ती जरा थांबली. मला वाटले चंद्र दिसला.

“आज चतुर्थी,” ती म्हणाली. “तिकडं तीनला पाणी भरलं आसंल. आता उतरत आसंल.”